आत माणूस आहे

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

माझ्या घरात माझी नसलेली एक वस्तू आहे आणि जिची आहे ती बाई ती परत घेत नाही. एवढ्यासाठी लिहायला बसले आहे. चौतीस वर्षे पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते, म्हणजे इंजिनिअरांचे नकाशे ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवून काढत होते. त्या चौतीस वर्षांत ऑफिसची टाचणीसुद्धा घरी आणली नाही. निवृत्तीनंतर आठ वर्षांनी ही वेळ आली. उद्या कोणी विचारले तर तारीखवार सांगता यावे.

वस्तू: लोखंडी कडे. बाहेरचा व्यास एकवीस सेंटिमीटर, सळई बोटाएवढी जाड. एका बाजूला पितळी बिल्ला. त्यावरचा आकडा झिजून गेला आहे, भिंगातूनही लागत नाही.

रविवारी, ९ तारखेला, मी सायकलने छोट्या लाइनच्या वाटेने फिरायला गेले होते. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या डोंगरातून फार पूर्वी दगड वाहायला अरुंद रूळ टाकले होते. रूळ उखडून नेले त्याला साठ वर्षे झाली. वाट राहिली. नकाशावर ती रेघ मी कितीदा काढली असेल, पण कधी पाहिली नव्हती. सोनाली, माझी मुलगी, ठाण्याला असते. ती म्हणाली, "आई, सहासष्टाव्या वर्षी एकटी रानात सायकल?" मी म्हटले, भातसानगरला असताना वसाहतीतून ऑफिसला पंचवीस वर्षे सायकलनेच जात होते, तेव्हा तुला काळजी वाटली नाही. मग तिने माझ्या फोनमध्ये काहीतरी चालू करून दिले. मी कुठे आहे ते तिला तिच्या फोनवर ठिपक्यासारखे दिसते म्हणे.

सकाळी सातला शहापूर सोडले. किन्हवलीपर्यंत डांबर, पुढे कच्चा रस्ता, आणि मोरीच्या पाड्यापाशी जुनी वाट लागली. रुळाच्या वाटेची गंमत अशी की डोळ्यांना ती सपाट दिसते आणि चढ फक्त पायांना कळतो. खाली काळी गिट्टी, दोन्ही बाजूंना कारवी आणि साग. मोऱ्यांचे दगडी बांधकाम अजून पक्के आहे. कोणी रुळाखालच्या लाकडी पट्ट्यांचे कुंपण केले होते. काम नीट केलेले होते. मला बरे वाटले.

पाड्याच्या शेवटी डोंगर सुरू होतो तिथे काळ्या दगडाची एक खोली आहे. दारात सत्तरीची बाई तांदूळ निवडत बसली होती. तिचे नाव जना.

"थांबा बाई. कुटं?"

"पलीकडे. खांबाच्या वाडीला."

"मंग कडं घ्या. फुडं कटिंग हाय."

"कटिंग?"

"चाय नव्हं. डोंगराची कटिंग. आत येका टायमाला येकच मानूस. कडं हितं हाय म्हंजे आत कोन नाय. तुमी न्या, तिकडं माज्या भावाच्या हातात द्या. धाकलू नाव त्याचा."

"आणि नाही नेले तर?"

"मंग जाताच येत नाय," ती म्हणाली. दुकान बंद आहे असे सांगावे तसे.

मला प्रकार कळला. एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरच्या हातात अशी एक वस्तू देत. सबंध टप्प्यात ती एकच. ती ज्याच्याकडे त्याचीच वाट. गाड्या गेल्या, रूळ गेले, आणि ही भावंडे दोन टोकांना बसून अजून कडे देत-घेत आहेत. मी हसले नाही. शिस्त कुठेही दिसली तरी मी तिला हसत नाही. कडे खांद्यावर अडकवले आणि अकरा चाळीसला आत शिरले.

कटिंग म्हणजे डोंगरात कापलेली चीर. दोन्हीकडे पंचवीस-तीस फूट कातळ, मधे एक सायकल आणि बाजूला वीतभर जागा. भर दुपारी आत गारवा होता आणि भिंतींतून पाणी ठिबकत होते. ओल्या मातीवर माझ्या पुढे एका सायकलच्या चाकाची रेघ उमटलेली होती. ताजी. रविवारी मुंबईकडचे सायकलवाले येतात, त्यांतला कोणी असेल. पण जना म्हणाली होती, आत कोणी नाही. माझ्या मागच्या टायरला एका जागी पॅच आहे, त्याचा आडवा ठसा दर चक्राला उमटतो. पुढच्या रेघेतही तसा ठसा होता. असे पॅच सगळेच मारतात.

बाहेर पडले तेव्हा घड्याळात एक पन्नास. चार किलोमीटरला दोन तास दहा मिनिटे. मी कुठे थांबले नाही, खाल्ले नाही, पंक्चर नाही. हिशेब लागत नाही. घड्याळ दाखवून घ्यायला हवे.

पलीकडची खोली बंद होती. दाराबाहेरची चूल गार, धाकलूचा पत्ता नाही. दहा मिनिटे हाका मारल्या. कडे दाराच्या खिळ्याला लावून निघावे असे मनात आले, पण सोपवलेली वस्तू अशी बेवारस टाकायची सवय मला नाही. ती मी घरी आणली. सरळगावहून डांबरी रस्त्याने आले.

रात्री सोनालीचा फोन. "आई, तू अजून डोंगरातच दाखवतेयस." मी म्हटले, मी भाकरी थापते आहे.

आज परत द्यायला गेले. ते उद्या लिहीन. हात दुखतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काल रस्त्याने सायकलवर मोरीच्या पाड्याला गेले. जनाबाई दारातच होत्या. मी कडे पुढे केले तर त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"कटिंगातनं कवा भायेर आल्या?"

"रविवारीच."

"कडं कुनाच्या हातात देलं?"

"तिथे कोणी नव्हते. म्हणून तर परत आणले."

"मंग तुमी आतच हाव."

"जनाबाई, मी तुमच्यासमोर बसले आहे."

"हितं बसल्यात त्या कोन, मला नाय ठाव. चाय घ्या." त्यांनी खरोखरच चहा टाकला. "कडं घेऊन आत गेलेला मानूस कडं देईस्तवर आतच. माजा आजा ह्येच सांगायचा. रस्त्यानी आनलेलं मी घेतलं तर आतला मानूस कायमचा आत ऱ्हाईल. वाटंनं या. ह्या टोकानं नाय जाता यायचं, आत मानूस हाय. त्या टोकानं या. मंग घेन."

इतक्या ठामपणे नियम सांगणारी माणसे मला ऑफिसात मिळाली असती तर बरे झाले असते. पण हा नियम माझ्यावर होता, म्हणून राग आला.

मग कळले की धाकलू रविवारी सकाळीच कोसळला. अर्धे अंग गेले आहे. जीपवाला सुनील निरोप घेऊन आला होता. दवाखान्याने घरी न्या म्हणून सांगितले. जनाबाईंनी भावाला सोळा वर्षे पाहिलेले नाही. नवरा होता तोवर तो जागेवर बसायचा आणि त्या जाऊन यायच्या. तो गेल्यापासून इकडे बसायला कोणी नाही, तिकडेही नाही. चार किलोमीटरवर सख्खा भाऊ, आणि सोळा वर्षे नुसते निरोप. येणाऱ्याबरोबर भाऊ मोहाची फुले पाठवी, जाणाऱ्याबरोबर या सुकट पाठवत.

मी म्हटले, "चला, आत्ता रिक्षा करते. रस्त्याने पस्तीस किलोमीटर, दीड तासात भावापाशी."

"जागा कशी सोडू? आत मानूस हाय."

"कोण माणूस?"

लहान पोराकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुमी."

तेवढ्यात कटिंगातून सायकलची घंटा वाजली. माझ्या घंटेची स्प्रिंग सैल आहे. ती एकदा वाजते आणि मग टक असा अर्धा आवाज करते. तसाच आवाज आला. माझी सायकल समोर स्टँडवर उभी होती.

"रोज ह्या टायमाला वाजते," जनाबाई म्हणाल्या. "रविवारपासनं."

तांबट पक्षी लोखंडावर ठोकल्यासारखा ओरडतो. तो असणार.

त्यापुढचे नीट लिहिता येत नाही. एकदम आठवते ते किन्हवलीच्या स्टँडवर उसाचा रस पीत होते, दोन वाजून गेले होते, आणि तळवे काळे झाले होते. साखळी पडली असावी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी अकराला डाळ-तांदळाचा कुकर लावला. त्यानंतरचे आठवते ते टेबलाशी बसले होते आणि घड्याळात एक पन्नास होते. कुकर गार, खालचे पाणी आटून गेलेले. झोप लागली म्हणावी तर बसल्या जागी कोणी दोन तास झोपत नाही. कालही दुपारचे काही आठवत नाही. साखर तपासून घ्यावी.

सोनाली म्हणते, फोन बंद करून चालू कर. केला. तिला ठिपका अजून डोंगरातच दिसतो. "आणि आई, तो दुपारी हलतो गं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत इकडे." मी म्हटले, तुमच्या कंपन्यांना नीट नकाशा काढता येत नाही, आम्ही असतो तर दाखवला असता.

शनिवार, १५ फेब्रुवारी

एसटीने सरळगाव, पुढे जीपने खांबाची वाडी. कडे पिशवीत घेतले होते. धाकलूच्या हातात द्यायचे आणि विषय संपवायचा, असे ठरवून गेले.

घरी त्याची नात हर्षाली होती. तेवीस-चोवीस वर्षांची, मुरबाडला औषधांच्या दुकानात कामाला. सुट्टी टाकून आजोबांपाशी बसली आहे. आई-बाप लवकर गेले, म्हातार्‍यानेच वाढवले. मुलगी हुशार आहे. कमी बोलते आणि बोलते ते मुद्द्याचे.

म्हातारा गोधडीवर पडला होता. डोळे अर्धे मिटलेले. उजवा हात कोपरातून वर, तळवा उघडा, काहीतरी घ्यायला पुढे केल्यासारखा.

"रविवारपासून तसाच आहे," हर्षाली म्हणाली. "खाली केला की परत वर जातो. पाणी कापसाने देते, तेवढंच. डॉक्टर म्हणाले होते दोन दिवस. आज सातवा."

दारात बसलेली शेजारीण, लहानी, म्हणाली, "आजा सुटंल कसा? आत मानूस हाय. मानूस आत हाय तवर गोळ्या मरत नाय."

कडे द्यायच्या जागेवर बसतो त्याला इथे गोळ्या म्हणतात.

मी कडे काढून त्या तळव्यावर ठेवले. बोटे हलली नाहीत. मी ती माझ्या हाताने मिटवली. ती उघडली आणि कडे जमिनीवर पडले. तीनदा केले.

"त्यास्नी कळतं," लहानी म्हणाली. "रस्त्यानी आनलंय ते."

हर्षाली मला बाहेर पडवीत घेऊन आली. "मॅडम, जनाआजी म्हणते तसं तुम्ही कटिंगातून जाणार का? इकडून आत शिरून?"

"त्याशिवाय इलाज दिसत नाही."

"नका जाऊ." तिने माझा हात धरला. अनोळखी माणसाने हात धरलेला मला चालत नाही, पण मी सोडवला नाही. "कडं जागेवर पोचलं की आजा जाईल. अडकलाय तोवर आहे तरी. मी शिकलेली आहे, मला माहितेय हे सगळं काय आहे ते. तरी नका जाऊ."

मी तिला म्हटले, लोखंडाच्या कड्याने माणूस जगत नाही आणि मरतही नाही. ती म्हणाली, "मग ठेवा की घरी."

मी कडे पुन्हा पिशवीत टाकले.

रविवार, १६ फेब्रुवारी

कडे कपाटात ठेवले. परत काढले. टेबलावर ठेवले.

मुद्दा सोपा आहे. माझा यावर विश्वास नसेल तर कटिंगातून जाऊन कडे देऊन यायला काहीच हरकत नाही, आणि म्हातारी आपल्या भावाला भेटेल. विश्वास असेल तर मी जाणे म्हणजे एका मुलीच्या आजोबाला मारणे. मी विश्वास नाही म्हणते आणि जातही नाही. हे लबाडीचे आहे. कोणा कनिष्ठाने असे केले असते तर मी त्याला दहा माणसांत बोलले असते.

आजची दुपारही आठवत नाही. साखर नॉर्मल आली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

झाडताना निरोप समारंभात आठवण म्हणून मिळालेली एका जुन्या नकाशाची छापील प्रत सापडली. ८९ सालची, अक्षर माझे. छोट्या लाइनच्या तुटक रेघेवर मी लिहिले आहे: "वापरात नाही." वरिष्ठांनी शेरा मारला होता, जागेवर जाऊन खात्री करावी. मी गेले नव्हते. रूळ नाहीत तर वापर कसला, असे म्हणून लिहून टाकले होते. त्या साली जनाबाई तिथे बसल्या होत्या. धाकलू पलीकडे बसला होता. दिवसाला दहा-वीस माणसे कडे घेऊन आत-बाहेर करत होती.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सकाळी नऊला हर्षालीचा फोन. आवाज बसलेला.

"मॅडम, त्याच्या पाठीला जखमा झाल्यात. काल रात्रीपासून बोलतोय. एकच बोलणं, 'लायन दे, लायन दे.' म्हणजे कडं दे. हात खाली करायला गेले तर रडला. माझा आजा कधी रडला नव्हता." मग म्हणाली, "तुम्ही या. मी सांगितलेलं विसरा."

मी विचारले, "नक्की?"

"तो माझ्यासाठी अडकून बसला असता तर गोष्ट वेगळी होती. तो तुमच्यासाठी बसलाय."

उद्या जाते. सोनालीला सांगितले नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी. मोरीचा पाडा.

हे जनाबाईंच्या दारात बसून लिहीत आहे. उजेड आहे तोवर पुरे करते.

सायकल जीपच्या टपावर टाकून खांबाच्या वाडीला नेली. सायकलीशिवाय आत जाणे बरोबर वाटले नाही. सायकलने शिरले तर सायकलनेच निघावे. हर्षाली कटिंगाच्या तोंडापर्यंत आली. म्हणाली, "आजाला जाऊन सांगते, लाइन दिली म्हणून." अकरा पस्तीसला मी कडे खांद्यावर घेऊन आत गेले. सायकल हाताने ढकलत.

सुरुवातीला काही नव्हते. गिट्टी, ठिबकणारे पाणी, वर आभाळाची पट्टी. मी पावले मोजत होते. सहाशे बारा मोजली तेव्हा समोरून घंटा वाजली. एकदा, आणि मग टक.

तांबट नव्हे. हे मी आज लिहून ठेवते. तो तांबट नव्हता.

मी माझी घंटा वाजवली. समोरून उत्तर आले. पुढे वळण होते, दिसत काही नव्हते. गिट्टीवर चाकाचा आवाज येत होता आणि तो थांबत नव्हता. कडे माझ्याकडे आहे म्हणजे वाट माझी, हा नियम. पण जी येत होती तिच्याही खांद्यावर कडे असणार, हे मला तेव्हा अगदी स्वच्छ कळले. तीही नियमानेच आत आली होती. अकरा दिवस ती बाहेर पडायला जागा शोधत होती आणि दोन्ही टोकांना कोणी तिच्या हातून घेत नव्हते.

मागे फिरायला जागा नव्हती. मी सायकल उचलून कातळाला लावली, तिच्यावर स्वतः चिकटून उभी राहिले आणि डोळे मिटले. मी पाहिले नाही. इथे खोटे लिहिणार नाही. वारा आला. मी वापरते त्या चंदनाच्या साबणाचा वास आला. हँडलचे टोक माझ्या कोपराला घासून गेले. तिथे आता सालटे निघाले आहे. आणि कानाजवळ एक शब्द ऐकू आला, "बाजूला." मी ऑफिसात ज्युनिअरना म्हणायचे त्याच तुसड्या आवाजात.

डोळे उघडले तेव्हा पुढची माती कोरी होती. चाकाची रेघ नव्हती.

बारा वीसला बाहेर आले. ही सगळी दुपार मला मिनिटामिनिटाने आठवते. अकरा दिवसांत पहिल्यांदा.

जनाबाई उभ्या होत्या. माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "आल्या का बाई. लई टाइम लागला." मी कडे दिले. त्यांनी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावले.

मी म्हटले, "आता जा भावाकडे. रिक्षा बोलावते."

"रिक्शा कशाला? कडं तेच्या हातात द्यायाचं हाय. वाटंनंच जाईन." मग थांबल्या. "पन हितं कोनी बसाया होवं. मी आत गेल्यावर."

दोघींनी इकडेतिकडे पाहिले. तिथे मीच होते.

"मला काय करावे लागेल?"

"बसायाचं. कोन आलं तर सांगायाचं, आत मानूस हाय. चूल इजू द्यायाची नाय. ती कोंबडी अंड्यांवर हाय, तिला उठवायाची नाय, उद्या-परवा फुटतील. बस."

"आणि उठून जाऊ लागले तर?"

"तुमी?" जनाबाई हसल्या. समोरचे दोन दात नाहीत. "तुमी नाय उटायच्या. तुमचा तोंडच तसा नाय."

बारा चाळीसला त्या आत गेल्या. अनवाणी, हातात कडे, कमरेला सुकटीची पुरचुंडी. मागे वळून पाहिले नाही.

इथे फोनला नेटवर्क नाही. समोरच्या टेकाडावर चढले तर लागते म्हणतात. सोनाली घाबरली असेल. पण आत माणूस असताना टेकाडावर जाता येत नाही. तीन वाजता दोघे जण आले, धसईला लग्नाला निघालेले. मी म्हटले, थांबा, आत माणूस आहे. ते निमूट झाडाखाली बसले. मला कोण, कुठची, काही विचारले नाही.

आणखी एक नोंद. घड्याळ माझ्या उजव्या मनगटावर आहे. मी जन्मभर डाव्या हातात घालते. केव्हा बदलले, आठवत नाही. जनाबाईंनी जाताना ते पाहिले होते.

शनिवार, २२ फेब्रुवारी. मोरीचा पाडा.

लग्नाचे दोघे गुरुवारी संध्याकाळी कंटाळून रस्त्याने गेले. काल कोणी आले नाही.

आज सकाळी दहा पन्नासला हर्षाली कटिंगातून बाहेर आली. तिच्या हातात कडे होते. डोळे सुजलेले, पण चाल सरळ. मी उभी राहिले. तिने कडे दिले, मी घेतले, मग आम्ही बसलो.

तिने सांगितले ते असे. जनाबाई गुरुवारी दोन वाजता पोचल्या. वाटेत पाय दुखले म्हणून बसत बसत गेल्या. आत शिरून त्यांनी थेट कडे त्याच्या तळव्यावर ठेवले. बोटे आपणहून आवळली. हात खाली आला.

"डोळे पूर्ण उघडले," हर्षाली म्हणाली. "मला वाटलं आता गेला. पण तो बोलला, 'लई टाइम लावलास गो, जने.' तर ही म्हणते, 'सोळा वर्सं वाट बगितली, आजून दोन तास बगाया काय झाला रे तुला?' आणि आजा हसला. खरंच हसला, मॅडम, अर्ध्या तोंडाने. तिने त्याला सुकट भाजून, चुरून, पेजेतून भरवली. दोन चमचे गिळली. दिवस मावळायच्या आत गेला. मूठ सोडवावी लागली नाही. सुटली, आणि कडं जनाआजीच्या मांडीवर पडलं."

मी तिला विचारले, "माझ्यावर राग आहे?"

तिने विचार केला. "आहे थोडा. जाईल."

मला हे उत्तर आवडले.

जनाबाई तेराव्यापर्यंत तिकडे थांबणार. तिकडची जागा रिकामी आहे, तिथे त्याच बसतील. कदाचित पुढेही. इकडचे काय, ते हर्षालीने विचारले नाही. मीही विषय काढला नाही. चुलीत लाकूड सारले आणि चहा ठेवला. तिला परत जायचे होते.

हर्षालीकडे सुपूर्द केले, वेळ अकरा वीस:

लोखंडी कडे, एक.
जनाबाईंचे धुतलेले लुगडे, एक.
जनाबाईंना तोंडी निरोप: अकरापैकी नऊ पिले निघाली, दोन अंडी वाया गेली.
एका ओळीची चिठ्ठी, नेटवर्क लागेल तिथे सोनालीला फोनवर वाचून दाखवण्यासाठी: मी कामावर रुजू झाले आहे, दुपारी फोन करू नकोस.